घुमणाऱ्या जीपची वाट

चोपन्न सालच्या भाद्रपदातली गोष्ट. भामा नदीच्या ऐन मध्यावर एक हिरवी जीप बसली होती. बसली होती म्हणजे अगदी ठाण मांडून. पोटाखाली मोठा धोंडा, चाकांना वाहतं पाणी, आणि बॉनेटवर पाय सोडून एक तरुण भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होता. गाडी इथंच लावायची असते, असा त्याचा एकूण थाट.

पलीकडच्या काठावरून शालन पाण्यात उतरली. पांढऱ्या साडीचा ओचा खोचलेला, एका हातात वहाणा, दुसऱ्या हातात बाळंतपणाची पेटी. मागून अंबूबाई. ही चाकणच्या दवाखान्यातली आया. वयानं साठीला टेकलेली आणि जिभेनं सोळाची. पलीकडच्या वाडीत एक अवघड बाळंतपण उरकून दोघी चाकणला परत निघाल्या होत्या. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. शालनचे डोळे जागरणानं जड झाले होते, पण त्या शेंगा खाणाऱ्या माणसाला पाहून तिला राहवेना.

"गाडीला आंघोळ घालताय का?"

त्यानं वर पाहिलं. रंग उन्हात रापलेला, मिशी नुकतीच मनावर घेतलेली. "पोहायला शिकवतोय," तो म्हणाला. "पण फार घाबरट निघाली बघा."

शालननं हसू ओठांत दाबलं. मग तोच खाली वाकून अदबीनं विचारू लागला, की बाई, चाकणच्या नर्सबाई पलीकडं कुठल्या वाडीला गेल्यात, ठाऊक आहे का? ही गाडी दवाखान्यासाठी आलीय, मी तिचा नवा ड्रायव्हर, आज पहिलाच दिवस. म्हटलं, बाईंना घेऊन यावं, तर हा धोंडा आडवा आला. आणि वर त्यानं हेही सांगून टाकलं, की नर्सबाई फार कडक आहेत म्हणे, डॉक्टरांनासुद्धा दोनदा हात धुवायला लावतात.

"तीनदा," शालन म्हणाली.

अंबूबाई भर पाण्यात कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "आरं बाबा, हीच ती! शेंगा टाक आन् हात धू आदी."

तो तिथल्या तिथं पाण्यात उतरला. उतरला कसला, घसरलाच. कमरेपर्यंत भिजून उभा राहिला आणि त्यानं फौजी सलाम ठोकला. नाव सांगितलं — हिंदुराव, कराडकडचा, फौजेतल्या मोटारींच्या वर्कशॉपातून नुकताच सुटून आलेला. शालननं मान डोलावली आणि ती काठाकडे चालू लागली. काठावर पोचल्यावर मागे वळून पाहायचं तसं काही कारण नव्हतं. तरी तिनं पाहिलं. तोही पाहत होता.

दुपारी कुणाच्या तरी बैलजोडीनं जीप ओढून बाहेर काढली.

जीप होती लढाईच्या वेळची, लष्करानं विकून टाकलेली. भामेच्या पलीकडच्या वाड्यांना सोमवारी आणि गुरुवारी औषधं, टोचण्या, बाळंतपणं असा फेरा तिच्यातून व्हायचा. एरवी ती चिंचवडला उद्धवरावांच्या गॅरेजात राहायची, आणि हिंदुरावही तिथंच, गॅरेजाच्या माळ्यावर. पुन्हा नदीत बसायची पाळी नको म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यानं जीप उंच केली. चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानींना पोलादी पाटे वाढवले, त्यांच्या मागच्या टोकांना लांब पट्ट्या लावल्या. चार बोटं जमीन सोडून गाडी अशी ताठ उभी राहिली, की अंबूबाईला आत चढायला पाट ठेवावा लागायचा. पण भामेतला धोंडा आता पोटाखालून बिनबोभाट जाऊ लागला.

एक झालं मात्र. गाडीनं वेग घेतला की ती घुमायला लागली. घूं... घूं... असा खालून येणारा, दात शिवशिवणारा आवाज. बरोबर सगळ्या अंगाला कापरं.

"गाडी हाय का जातं?" अंबूबाई विचारायची. "चाकणातनं ज्वारी घेऊन बसलं तर वाडीवर पीठ घिऊन उतरीन मी."

हिंदुरावानं कारण सांगितलं होतं. पुढच्या यंत्राची ताकद मागच्या चाकांना नेणारी एक लांब नळी असते, शाफ्ट म्हणतात तिला. तिच्या दोन्ही टोकांना मनगटासारखे सांधे असतात. गाडी वर उचलली, तशी ती नळी तिरकी झाली, आणि एक मनगट जास्त वाकलं, एक कमी. म्हणून ही थरथर. नीट करायचं आहे, सवड होऊ दे, असं तो म्हणायचा. ही सवड काही लवकर होत नव्हती.

आणि खरं सांगायचं तर शालनला त्याची घाई नव्हती.

कारण तो आवाज फार लांबून यायचा. मोशीच्या बाजूनं येणारा रस्ता चाकणच्या जुन्या किल्ल्याच्या खंदकाजवळ वळतो, तिथपासून. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी शालन दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभी राहायची. उगाच. कधी केस विंचरत, कधी रिकाम्या हातानं. रस्त्यावर कांद्याच्या गाड्या जायच्या, बाजाराला निघालेल्या बाया जायच्या, आणि तिचे कान त्या सगळ्यांच्या पलीकडे लागलेले असायचे. मग वळणावरून ती घूं-घूं यायची... आणि शालनच्या छातीत काहीतरी लख्ख व्हायचं. त्या क्षणाला ती वळायची, आत जायची, फणी फळीवर टाकायची, स्टोव्ह पेटवून कात्र्या-सुया उकळायला ठेवायची. जीप दारात थांबेपर्यंत नर्सबाई पाठमोऱ्या, कामात बुडालेल्या.

"आलो, बाई," तो उंबऱ्याबाहेरून म्हणायचा.

"आलात का? बरं. थांबा थोडं," ती मागे न पाहता म्हणायची. चेहरा ठीक व्हायला तेवढा वेळ लागायचा.

तिच्या या चोरीला कारण होतं. शालन गवंड्याची पोर. वडील आबाजी दुष्काळात मराठवाड्यातून आलेले, आता पिंपरीच्या माळावर औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता तिथं कामाला होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मुलीला पुण्यात सुईणीचं शिक्षण दिलं होतं. चाकणात ती एकटी राहायची, दवाखान्यामागच्या खोलीत. एकट्या बाईमाणसावर गावाचे किती डोळे असतात हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. ज्या घरात तिला बाळंतपणाला बोलवायचे, त्याच घरात तिच्या साडीपासून हसण्यापर्यंत सगळ्याची चर्चा व्हायची. नर्स ड्रायव्हरची वाट बघते, एवढं एक वाक्य बाजारात गेलं असतं, तर सासवांनी सुनांना तिच्याकडे पाठवणं बंद केलं असतं. म्हणून ती कडक होती. म्हणून ती पाठमोरी होती.

पण मन काही पाठमोरं होत नाही. मंगळवार-बुधवार तिला नकोसे व्हायचे. शुक्रवारपासून तर मोठी ओसाडी लागायची. दुसऱ्याच कुणाचा ट्रक वळणावर घरघरला, तरी हातातलं काम सुटायचं. जीपमध्ये ती मागच्या बाकावर अंबूबाईशेजारी बसायची आणि पुढच्या छोट्या आरशात त्याचे डोळे दिसायचे. त्याला तिचे दिसत असतील का, याचा विचार करत ती बाहेर भुईमुगाच्या शेतांकडे पाहायची. मग पुन्हा आरशात. तेव्हा तो रस्त्याकडे पाहत असायचा. हे असं दोन महिने चाललं होतं, आणि अंबूबाई मध्ये बसून डोळे मिटून सगळं पाहत होती.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी छबूबाई नावाच्या पोटुशीला वाडीवरून घाईनं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. बाळ आडवं होतं. वेग घ्यावा तर गाडी थरथरायची आणि छबूबाई कळवळायची. हळू न्यावी तर वेळ हातातून जायचा. शालननं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि दर धक्क्याला तिचा जीव वरखाली होत होता. शेवटी सगळं निभावलं, मुलगी झाली, दोघी वाचल्या. पण परतीच्या वाटेवर शालनला राग आवरला नाही. गाडी आहे की शिक्षा, असं ती ताडकन बोलली. तुम्हाला सवड कधी होणार, पुढची बाई वाटेत गेल्यावर?

हिंदुरावानं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "तुमचं खरं आहे. नीट करूनच देतो. तसंही जायच्या आधी करायचंच होतं."

"जायच्या?"

जबलपूरच्या लष्करी डेपोत त्याचा जुना दोस्त होता. त्यानं बोलावलं होतं, जागा धरून ठेवली होती. हिंदुरावानं सांगितलं, की गाडी चांगली करून नव्या ड्रायव्हरच्या ताब्यात दिली की मी मोकळा. आणि मग, आरशात न पाहता, त्यानं पुढे जोडलं, "इथं थांबायला तसं कारण काय म्हणा..."

ते वाक्य त्यानं अर्धं सोडलं होतं. कुणीतरी पुरं करावं म्हणूनच सोडलं होतं, हे शालनला कळलं. तिच्या ओठांवर शब्द आलेही. पण जीप तेव्हा नेमकी चाकणच्या बाजारातून चालली होती, दुतर्फा माणसं होती, आणि तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, की चांगलं आहे. जबलपूर मोठं गाव आहे.

"मोठं आहे," तो म्हणाला.

अंबूबाईनं कपाळावर हात मारला, पण तो डास मारण्याच्या निमित्तानं.

त्यानंतरच्या सोमवारी फेरा लवकर आटोपून हिंदुरावानं दवाखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली गाडी उभी केली आणि तो तिच्याखाली शिरला. चिंचवडच्या लोहाराकडून त्यानं लोखंडी पाचरी करून आणल्या होत्या, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. मागच्या चाकांच्या आसाखाली, कमानीवर त्या बसवल्या की आस थोडा कलतो आणि शाफ्टचं मागचं मनगट सरळ होतं, असा हिशेब. शालन पायरीवर बसून कापसाचे बोळे करत होती. ते काम आतही करता आलं असतं.

संध्याकाळी गाडी काढून पाहिली. घूं-घूं गेली नव्हतीच. उलट आता गाडी अशी घुमत होती, की बाजारातली कुत्री तिच्यामागे भुंकत आली.

"ह्ये काय न्हाई नीट व्हत," अंबूबाई म्हणाली. "जबलपूरला कळवा, म्हनावं येत न्हाई."

हिंदुराव ओशाळून डोकं खाजवत उभा राहिला. आणि शालन... शालनला आनंद झाला. नुसता झाला नाही, भरून आला. गाडी नीट होत नाही तोवर तो जात नाही! त्या रात्री ती हसऱ्या चेहऱ्यानं निजली. पण झोपेत शिरताशिरता तिला छबूबाईचा चेहरा दिसला, दर धक्क्याला पदर दातांत धरणारा. मग हसू गेलं. गाडी बिघडलेली राहावी असं आपल्याला वाटलं, याची तिला इतकी लाज वाटली की ती उठून बसली. पलीकडच्या वाड्यांवर आणखी दोघींचे दिवस भरत आले होते. एका नर्सला ड्रायव्हर हवा म्हणून त्या दोघींनी कळवळायचं?

रविवारी ती आबांना भेटायला पिंपरीला गेली आणि परत निघताना त्यांचा भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा मागितला.

"जीपला काय भिंत बांधायलीस का?" आबांनी विचारलं.

तिनं सांगितलं, की गाडीखाली दोन ठिकाणचा कल मोजायचा आहे. ड्रायव्हरनं नजरेनं मोजला आणि चुकला. आबा खूश झाले. नजरेच्या भरवशावर बांधलेली भिंत पोट काढते, हे ते आयुष्यभर सांगत आले होते. त्यांनी ओळंबा पुसून दिला. पितळेचा, पिढीजात, दोऱ्यासकट. आणि घरची रीत पुन्हा एकदा बजावली. ओळंबा ज्यानं वापरला त्यानंच आपल्या हातानं आणून द्यायचा, मधल्या माणसाकडून घ्यायचा नाही. वापरणारा कसा आहे ते मालकाला बघायचं असतं.

"कसा हाय गं माणूस?" त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"कोण?" शालन म्हणाली, आणि तिचे कान तापले. आबांनी पुढे काही विचारलं नाही. चहा मात्र दुसऱ्यांदा टाकला.

कोनमापक तिनं शाळेच्या गुरुजींकडून मागून घेतला. सोमवारी कडुलिंबाखाली पुन्हा जीप उभी राहिली. हिंदुराव पुढच्या बाजूला गाडीखाली उताणा, शालन मागच्या चाकाशी गोणपाटावर बसून आत वाकलेली. अंबूबाईला राखणीला उभं केलं होतं. येणाराजाणारा थबकला की ती गंभीरपणे सांगायची, की नर्सबाई गाडीची नाडी बघत्यात.

रीत सोपी होती. सांध्याच्या सपाट तोंडाला कोनमापक टेकवायचा, त्याच्या मध्यातून ओळंब्याचा दोरा सोडायचा आणि दोरा कुठल्या आकड्यावरून जातो ते वाचायचं. आधी पुढं, मग मागं.

"माझ्याकडे पाच," आतून हिंदुरावाचा आवाज आला. मग गाडीच्या पोटाखालून त्याचा ग्रीस लागलेला हात पुढे आला, ओळंबा घेऊन. शालननं तो घेतला. पितळ थंड होतं, बोटं नव्हती. दोरा सोडवून घ्यायला लागायला हवा होता त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला.

"तुमच्याकडे किती?"

दोरा हलत होता. तिनं श्वास रोखला, दोरा ठरू दिला. "अकरा."

आतून शीळ ऐकू आली. "एवढं? बाई, दोन्हीकडे सारखंच झुकलेलं पाहिजे. तिकडं पाच तर इकडंही पाच. मग गाडी गुमान चालते. एकानं जास्त आणि एकानं कमी झुकायचं म्हटलं, की थरथर आलीच."

शालन दोऱ्याकडे पाहत राहिली. "आणि एक बाजू झुकतच नसेल तर?"

आत पान्हा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"तर दुसरी बाजू झिजत जाते," तो म्हणाला. "एक दिवस तुटते."

कडुलिंबाची पिवळी पानं गोणपाटावर पडत होती. शालनला वाटलं, आता बोलावं. इथं चेहरा दिसत नाही, इथं बोलता येईल... तेवढ्यात अंबूबाई रस्त्यावरच्या कुणाला तरी मोठ्यानं सांगू लागली, की व्हय, व्हय, नाडी लागली, औषध चालू हाय. आणि तो क्षण गेला.

हिंदुराव सरपटत मागे आला, पाचरी चाचपू लागला आणि एकदम कपाळाला हात लावून हसला. पाचरींची जाड बाजू मागे यायला हवी होती. उताणं पडून काम करताना त्यानं ती पुढे घातली होती. कल कमी करायच्या जागी वाढवून ठेवला होता. पाचर तीन अंशांची, मुळातला कल आठ. उलटी बसवली म्हणून अकरा, सुलटी बसवली की पाच.

"फौजेत असंच शिकवतात वाटतं?" शालन म्हणाली.

"फौजेत शेजारी कुणी बांगड्या वाजवत कापूस पिंजत बसत नव्हतं."

ती लाजून मागे सरली ते नेमकं मडगार्डला डोकं आपटलं.

पाचरी उलटून बसवल्या. पुन्हा दोरा सोडला. पुढे पाच. ओळंबा पुन्हा हातातून हातात आला. मागे — पाच. तिनं आकडा उच्चारला आणि तिचा आवाज बारीक झाला, कारण तो आकडा म्हणजे जबलपूर होतं.

संध्याकाळी गाडी खंदकाच्या वळणापर्यंत जाऊन आली. आवाज नाही. कापरं नाही. अंबूबाईच्या हातातला पाण्याचा पेला तसाच्या तसा आला. डॉक्टर बाहेर येऊन वाहवा करून गेले. हिंदुराव हात पुसत शालनजवळ आला आणि म्हणाला, की गुरुवारी शेवटचा फेरा, मग नवा माणूस. ओळंबा तेवढा आबांना पोचता करा, आणि माझा नमस्कार सांगा.

हीच ती वेळ होती. रीत सांगायची. तुम्हालाच जावं लागेल, म्हणायचं. पण ते म्हणणं म्हणजे सगळंच म्हणणं होतं, आणि आवारात डॉक्टर होते, औषधाला आलेली चार माणसं होती. शालननं ओळंबा घेतला.

"मी देईन," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. जीप गेली, आणि पहिल्यांदाच तिचं जाणं ऐकू आलं नाही. पूर्वी वळणाच्या पलीकडे बराच वेळ तो आवाज तिच्यापाशी राहायचा. आता गाडी फाटकातून वळली आणि लगेच काहीच उरलं नाही. फळीवरच्या फणीशेजारी तिनं ओळंबा ठेवला. मंगळवारी पाहिला, बुधवारी पाहिला. हा मुका झालेला माणूस आणि ही मुकी झालेली गाडी, दोन्ही आपल्याच हातानं केलं, या विचारानं तिला दोन घास गोड लागेनात.

गुरुवारी ती रोजच्या आधी उठली. न्हाली. केस ओले होते म्हणून ते सुकवायला पायरीवर आली, असं तिनं स्वतःला सांगितलं. ऊन कोवळं होतं. रस्त्यावर रात्रीच्या शिडकाव्यानं धूळ बसली होती आणि कांद्यांनी भरलेल्या गाड्या बाजाराकडे निघाल्या होत्या. शालन फणी हातात घेऊन उभी राहिली, कान वळणाकडे लावून. सवयच ती. आवाज आला की आत जायचं, स्टोव्ह पेटवायचा, पाठ करायची. शेवटचंच ना, निभावून न्यायचं. एकदा तो गेला की मग खुशाल रडता येईल...

डोळे भरून आले तसा समोरचा रस्ता अंधूक झाला. ती तशीच उभी राहिली, मान वळणाकडे, सगळा जीव वळणाकडे. आवाज येत नव्हता. अजून आला नाही. का नाही आला?

"कुणाची वाट बघताय, बाई?"

ती दचकली. जीप दारात उभी होती. केव्हाची कोण जाणे. यंत्र बंद केलेलं, हिंदुराव स्टिअरिंगवर हात ठेवून तिच्याकडे पाहत बसलेला. तो आरशातून पाहत नव्हता, समोरून पाहत होता. आणि तिचे केस मोकळे, डोळे ओले, फणी अर्ध्यावर थांबलेली. आत जायला वेळ नव्हता. चेहरा ठीक करायला वेळ नव्हता. तिनंच दोऱ्यानं मोजून तो वेळ काढून टाकला होता.

"मी..." ती म्हणाली. "स्टोव्ह..."

तो खाली उतरला. पायरीच्या खाली उभा राहिला, नदीत उभा राहिला होता तसा. "रोज अशाच उभ्या असायच्या?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलंसुद्धा नाही. "रोज. आवाज आला की आत जायचे."

"आणि मी समजत होतो..." त्याला हसावं की काय करावं कळेना. "दोन-अडीच महिने तुमची पाठच बघतोय, शालनबाई. मला वाटलं, या माणसाचं येणं-जाणं कुणाच्या खिजगणतीतच नाही. म्हणून तर जबलपूरला हो म्हटलं."

पहिल्यांदाच त्यानं तिचं नाव घेतलं होतं. समोरच्या पानवाल्यानं फळी उघडता उघडता हात थांबवला. कांद्याच्या गाडीवरची बाई मान वळवून पाहत गेली. शालनला ते सगळं दिसलं. ती वळली आणि आत गेली.

हिंदुरावाचा चेहरा उतरला. पुन्हा पाठ!

पण ती लगेच बाहेर आली. हातात ओळंबा होता. पायरी उतरून, भर रस्त्याच्या कडेला, तिनं तो त्याच्यापुढे धरला.

"आमच्या घरची रीत आहे," ती म्हणाली. "वापरणाऱ्यानंच हा परत नेऊन द्यायचा. आबांना माणूस बघायचा असतो. सोमवारी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही."

त्यानं ओळंबा घेतला नाही. तिच्याकडेच पाहत राहिला. "आज फेरा नाही का?"

"फेरा दुपारी करू. वाड्या कुठं जात नाहीत."

"आणि तिथं गेलो तर जबलपूरला जाणं व्हायचं नाही, शालनबाई. आबांना काय सांगू, कुठला माणूस म्हणून?"

तिनं समोरच्या पानवाल्याकडे एकदा पाहिलं. पण शब्द या वेळी अर्धा राहिला नाही.

"नका जाऊ," ती म्हणाली. "चाकणचा माणूस म्हणून सांगा."

हिंदुरावानं दोन्ही हातांनी ओळंबा घेतला, दोरा बोटांना गुंडाळला आणि गाडीत चढला. मागच्या बाकावरून अंबूबाई बोलली. ती तिथं कधी येऊन बसली होती हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"मी बी चालले बरुबर. एकटा गेला तर वाटंत पुना कुटं धोंड्यावर बसंल."

जीप निघाली. मोशीच्या रस्त्याला लागली, खंदकाच्या वळणावर क्षणभर दिसली आणि गेली. मागे एवढासाही आवाज उरला नाही.

दुपारपर्यंत तो परत येणार होता. येताना काही ऐकू येणार नव्हतं. पानवाला पाहत होता, बाजाराला निघालेल्या बाया पाहत होत्या, डॉक्टर खिडकीत आले होते. शालननं केसांची गाठ मारली आणि ती पायरीवर बसली, तोंड वळणाकडे करून, सगळ्या चाकणला दिसेल अशी.